पत्ते पिसूनही डाव तसेच येतात? आधी वाटायची पद्धत पाहा

गेल्या गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मेंढीकोटच्या उपांत्य सामन्यात एका भिडूला आठ किलवर आले. त्याच्या आधीच्या डावात दुसऱ्या कुणाला सात बदाम आले होते. समोरचे काका उठून उभे राहिले आणि वाटणाऱ्या मुलीला म्हणाले, "पत्ते लावलेस ना?" ती नववीतली मुलगी. सगळ्यांच्या देखत तीनदा पिसून, कापायला देऊन तिने पत्ते वाटले होते. रडत घरी गेली, आणि पुढचे दोन दिवस मांडवात आली नाही. स्पर्धेतल्या वाटपाची व्यवस्था माझ्याकडे असते, म्हणून ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्या मुलीने काहीच केलं नव्हतं. आम्ही ठरवून दिलेली पद्धतच चुकीची होती.

ही तक्रार आमच्याकडे दर वर्षी येते. आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण ब्रिज खेळतो, तिथे बरोबर उलटी तक्रार: डाव सपाट येतात. ज्याला त्याला चार रंगांची पानं ४-४-३-२ नाही तर ४-३-३-३ अशी. कुणाकडे एखादा रंग नाहीच, असं क्वचित होतं. पुष्कळ दिवस मला या दोन वेगळ्या अडचणी वाटत होत्या. कारण मात्र एकच निघालं.

खेळ संपल्यावर पत्ते कसे गोळा होतात ते आठवा. उतारी होते, चौघं पान टाकतात, हात जिंकणारा ती चार पानं उचलून आपल्यापुढे पालथी ठेवतो. उतारीचाच रंग द्यायचा असल्यामुळे ही चारही पानं बहुतेक वेळा एकाच रंगाची असतात. असे तेरा हात. म्हणजे डाव संपल्यावर गोळा केलेल्या कॅटमध्ये चार-चार पानांचे तेरा गठ्ठे असतात आणि त्यातले बरेच एकरंगी.

आता हा कॅट पुरेसा मिसळला नाही आणि एकेक पान वाटलं, तर काय होईल? प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक पान चौघांकडे जाईल. इस्पिकच्या गठ्ठ्यातलं एक इस्पिक प्रत्येकाला, चौकटच्या गठ्ठ्यातलं एक चौकट प्रत्येकाला. झाला डाव सपाट. हा आमचा शनिवारचा ब्रिज.

मेंढीकोटला आपण आधी पाच-पाच आणि मग चार-चार पानं वाटतो. तोच न मिसळलेला कॅट असा वाटला, की गठ्ठाच्या गठ्ठा एकाच्या हातात पडतो. चार किलवर एका फेरीत, तीन पुढच्या फेरीत, एखादं इकडून तिकडून. आठ किलवर! म्हणून डाव सपाट येतोय की एकांगी, यावरून वाटणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नाही. पत्ते कसे वाटले गेले, एवढंच कळतं.

हे कळल्यावर पहिला मोह होतो तो वाटायची पद्धत बदलायचा. आम्हीही एका वर्षी मेंढीकोटला एकेक पान वाटून पाहिलं. सात-आठ पानांचे रंग दिसेनासे झाले, लोक खूश झाले. पण कट हुकमाच्या खेळात, म्हणजे उतारीचा रंग नसलेला भिडू पहिल्यांदा जे पान टाकेल त्याचाच रंग हुकूम ठरतो तिथे, तिसऱ्या-चौथ्या उतारीपर्यंत कुणाला कापताच येईना, हुकूमच ठरेना, आणि प्रत्येक डाव त्याच चालीने जाऊ लागला. लक्षण झाकलं गेलं होतं, बाकी सगळं तसंच. पत्ते खरोखर मिसळलेले असतील तर एकेक वाटा, पाच-चार-चार वाटा, नाही तर तेरा-तेराचे चार भाग करून द्या, शक्यता सगळ्यांना सारख्याच राहतात. वाटायची पद्धत बदलल्यावर डावांचा स्वभाव बदलत असेल, तर पत्ते मिसळलेले नव्हते एवढंच त्यातून सिद्ध होतं.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे ढीग लावणे: पत्ते टेबलावर चार किंवा सात ढिगांत एकेक करत ठेवायचे आणि ढीग एकावर एक चढवायचे. बघायला फार पद्धतशीर वाटतं. पण त्यात नशिबाला कुठे जागाच नाही. कुठलं पान कुठे जाणार हे आधीपासून ठरलेलं असतं. ज्याला सुरुवातीचा क्रम माहीत आहे त्याला नंतरचाही सांगता येईल. पानं ५२ आहेत की ५१, हे मोजायला ढीग उत्तम. त्यापलीकडे उपयोग नाही. तसंच कापण्याचं. दहा वेळा कापलं तरी पानांची साखळी तीच राहते, फक्त सुरुवात दुसरीकडून होते. कापायचं ते वाटणाऱ्याला वरचं पान माहीत असलं तरी त्याचा फायदा मिळू नये म्हणून. मिसळण्याच्या कामात त्याला धरू नका.

आपलं पिसणं किती चालतं, ते घरी तपासा

त्या प्रसंगानंतर मी एक चाचणी सुरू केली. पंधरा मिनिटं लागतात. कॅट ओळीने लावा: इस्पिक एक्क्यापासून राजापर्यंत, मग बदाम, चौकट, किलवर. शेजारी-शेजारी अशा ५१ जोड्या झाल्या. आता नेहमी पिसता तसं पिसा, मुद्दाम जास्त काळजी घेऊ नका. मग वरून एकेक पान उलटत जा आणि किती जोड्या अजून जशाच्या तशा, त्याच क्रमाने एकमेकांना चिकटून आहेत, ते मोजा. बदाम पंजीच्या लगेच मागे बदाम छक्की आली की एक जोडी.

पूर्ण मिसळलेल्या कॅटमध्ये अशी सरासरी एक जोडी उरते. कधी शून्य, कधी दोन-तीन. पाच किंवा जास्त उरणं म्हणजे हजारात तीन-चार वेळा घडणारी गोष्ट.

त्या मुलीला मी घरी बोलावलं, आई-वडिलांसमोर तिच्याकडून हे करून घेतलं. तीनदा पिसून ३१ जोड्या शिल्लक. मग मी पिसलं. माझ्या २९! सोसायटीतल्या सहा जणांकडून करून घेतलं, एकही वीसच्या खाली आला नाही. आरोप करणाऱ्या काकांच्या ३४ निघाल्या, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी तिची माफी मागितली.

असं का होतं, ते आपल्या घरगुती पिसण्याकडे नीट पाहिलं की कळतं. डाव्या हातात कॅट, उजव्या हाताने झुपक्या-झुपक्याने पानं उचलून पुढे-मागे टाकायची. एका फेरीत साधारण आठ झुपके पडतात. आठ झुपके म्हणजे सात ठिकाणी तुटलं. ५१ पैकी सात जोड्या सुटल्या, ४४ तशाच. दुसऱ्या फेरीनंतर ३८ च्या आसपास, तिसरीनंतर ३३. "तीनदा पिस" हा आपल्याकडचा घरोघरचा नियम, आणि त्यात दोन तृतीयांश कॅट जसाच्या तसा राहतो. बरं, फेऱ्या वाढवून जोड्या कमी झाल्या तरी वरची पानं वर आणि खालची खाली, असं पुष्कळ काळ चालू राहतं. रॉबिन पेमँटल या गणितज्ञाने १९८९ मध्ये याच पद्धतीचा हिशोब मांडला होता: लागणाऱ्या फेऱ्या निदान पानांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. ५२ चा वर्ग २७०४. हे हजारांच्या घरातलं काम आहे, कुणीही हाताने करणार नाही.

काय करायचं

दोन भाग करून, अंगठ्यांनी कडा सोडत, फर्रकन एकमेकांत मिसळायचं. याला रिफल म्हणतात. यात एका फेरीतच जवळपास निम्म्या जोड्या तुटतात, म्हणून हा प्रकार इतका वेगाने काम करतो. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये याचं पूर्ण गणित प्रसिद्ध केलं. डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर फिरायला गेलेला माणूस, नंतर संख्याशास्त्राचा प्राध्यापक झाला. पत्त्यांच्या हातचलाखीतून गणिताकडे आल्यामुळे नेमका कुठला प्रश्न विचारायचा हे त्याला ठाऊक होतं.

"सात वेळा पिसा" हे वाक्य त्या कामावरूनच पसरलं. पण सात हा आकडा लोक मंत्रासारखा म्हणतात, म्हणून मूळ आकडे देतो. पूर्ण मिसळलेल्या कॅटपासूनचं अंतर जास्तीत जास्त १ धरलं, तर पहिल्या चार रिफलपर्यंत ते जवळजवळ १ च राहतं. पाचव्यानंतर ०.९२, सहाव्यानंतर ०.६१, सातव्यानंतर ०.३३, आठव्यानंतर ०.१७, नवव्यानंतर ०.०९, दहाव्यानंतर ०.०४. म्हणजे पाच ते सात यांच्या दरम्यान एकदम फरक पडतो आणि पुढे प्रत्येक रिफलला अंतर अर्ध्यावर येतं. सोसायटीच्या स्पर्धेला सात पुरेत. बक्षीस मोठं असेल तर मी नऊ करायला लावीन. एका रिफलला पाच-सहा सेकंद लागतात.

चार-पाच वेळांत का भागत नाही, हे मुलांना समजावताना मी असं सांगतो. ओळीने लावलेल्या कॅटला एक रिफल दिला की चढत्या क्रमाच्या फार तर दोन माळा एकमेकांत गुंफल्या जातात. दोन रिफलला चार, तीनला आठ, पाचला फार तर ३२. पण कॅट बरोबर उलट्या क्रमाने लागायचा असेल, तर त्यात एकेका पानाच्या ५२ माळा लागतील. पाच रिफलमध्ये तो क्रम येऊच शकत नाही. जो क्रम येण्याची शक्यताच शून्य आहे, तो असताना पत्ते "निःपक्ष" मिसळले असं कसं म्हणणार?

एक सावधगिरी. अगदी बिनचूक रिफल, म्हणजे बरोबर २६-२६ आणि आलटून-पालटून एकेक पान, सराव केलेल्या माणसाला जमतो. वरचं आणि खालचं पान जागेवर ठेवून असा आठ वेळा केला की ५२ पानांचा कॅट पुन्हा मूळ क्रमावर येतो! आपल्या हाताचा थोडा ओबडधोबडपणाच इथे कामाला येतो, तो घालवायचा प्रयत्न करू नका.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना रिफल जमत नाही, ताठ पत्त्यांनी बोटं दुखतात. त्यांच्यासाठी सतरंजीवर किंवा टेबलावर पत्ते पालथे पसरायचे आणि दोन्ही तळव्यांनी गोल-गोल कालवायचे. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. पसरताना पत्ते खरोखर सुटे झाले पाहिजेत, ढीगच्या ढीग सरकवून चालत नाही. मग गोळा करून थोडं पिसायचं आणि कापायला द्यायचं. आमच्या चाचणीत या पद्धतीने सगळ्यांच्या जोड्या तीनच्या आत आल्या, त्या मुलीच्या धाकट्या भावाच्यासुद्धा. सिंहगड एक्स्प्रेसमध्ये मांडीवर बॅग ठेवून खेळणाऱ्या पासधारकांना अर्थात ही सोय नाही, तिथे रिफल शिकण्यावाचून इलाज नाही.

वेळ जातो, ही तक्रार येतेच. त्यावर जुना उपाय आहे: दोन वेगळ्या पाठीचे कॅट घ्या, एक लाल, एक निळा. लाल वाटला जात असताना वाटणाऱ्याचा भिडू निळा पिसतो आणि पुढच्या वाटणाऱ्याच्या बाजूला ठेवतो. कुणी कुणासाठी थांबत नाही. ज्याच्यावर सगळ्यांचे डोळे लागलेत त्याने घाईत पिसणं हे निम्म्या भांडणांचं मूळ आहे, आणि ते यातून आपोआप जातं.

भाद्रपदातल्या हवेचाही वाटा आहे. पुण्यात त्या दिवसांत कागदी पत्ते ओल धरतात, कडा फुगतात आणि पानं दोन-दोन, तीन-तीन चिकटून पडतात. रिफल सात वेळा करूनही जोड्या आठ-नऊ उरत असतील तर हात ठीक आहेत, पत्ते बदला. आम्ही बोहरी आळीतून प्लॅस्टिकचे कॅट आणले, कोरड्या फडक्याने पुसले की पुन्हा सुटे. कॅरमची पावडर पत्त्यांना लावू नका. दोन तास बरं वाटतं, मग कडांवर मळ धरतो आणि काही पानं पाठीवरून ओळखू यायला लागतात, आणि ते न पिसण्याहून वाईट.

अंतिम सामन्याला नवा कोरा कॅट फोडायची पद्धत आमच्याकडे आहे. नवा कॅट रंगवार लावलेलाच येतो. तेव्हा नव्या कॅटला आधी एक मिनिट कालवणं आणि मग सात रिफल, यात सूट नाही.

दुरुस्तीनंतर येणारी तक्रार

हे सगळं शनिवारच्या ब्रिजला लागू केलं आणि महिन्याभरात लोक म्हणू लागले, "आता डाव वेडेवाकडे येतात." जगभरच्या ब्रिज क्लबांत संगणकाने वाटलेले डाव आले तेव्हा खेळाडूंनी हेच म्हटलं होतं. अर्धवट पिसलेल्या सपाट डावांची आपल्याला इतकी सवय झालेली असते की खरा डाव बिघडलेला वाटतो.

यावर वाद घालू नका, वही ठेवा. तेरा पानांच्या वाटणीची खरी प्रमाणं ठरलेली आहेत: ४-४-३-२ हे २१.५५ टक्के, ५-३-३-२ हे १५.५२, ४-३-३-३ हे १०.५४. तिन्ही सपाट प्रकार मिळून अर्ध्यालाही पोचत नाहीत. एखाद्या रंगाचं एकच पान किंवा एकही पान नाही, असं ३५.६६ टक्के वेळा व्हायला हवं, म्हणजे तिघांत एकापेक्षा थोडं जास्त. आणि एका रंगाची सात किंवा जास्त पानं साधारण चार टक्के वेळा. पंचवीस डाव नोंदवले की शंभर जणांची पानं होतात. त्यात एकेरी किंवा रिकामा रंग २५ ते ४५ च्या दरम्यान कुठेही असला तर काळजी नको. पंधरा-सोळाच असतील तर पिसणं अजून कच्चं आहे. आमच्या जुन्या वहीत, दुरुस्तीच्या आधी, शंभरात १९ होते. नंतरच्या शंभरात ३८.

याच न्यायाने आठ किलवर आले म्हणून डाव रद्द करायचा नाही, हेही आम्ही स्पर्धेच्या फलकावर लिहिलं. रद्द करायचा तो वाटताना पान उघडं पडलं, पानं कमी-जास्त निघाली किंवा न पिसता वाटले तर. आलेली पानं आवडली नाहीत, हे कारण चालत नाही.

मॅजिक किंवा पोकेमॉन हे स्वतःचा डेक जमवून खेळायचे पत्त्यांचे खेळ खेळणारी आमच्याकडची कॉलेजची मुलंही हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं. साठ पानांचा डेक, पानांवर प्लॅस्टिकची पाकिटं, म्हणून रिफलऐवजी दोन भाग कडेने एकमेकांत सरकवतात. चालेल, पण तेही सात-आठ वेळा आणि दर वेळी भाग वेगळ्या ठिकाणी करून. मॅजिकमध्ये साठात २४ लँड (बाकीची पानं खेळायला लागणारी पानं) असतील तर पहिल्या सात पानांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १४ टक्के आहे, म्हणजे सातात एकदा. हे टाळायला काही जण लँड आणि बाकीची पानं आधी विणून ठेवतात आणि मग "थोडं" पिसतात. माझं त्यांना एकच म्हणणं: पुढचं पिसणं पुरेसं असेल तर विणण्याचा काहीही उपयोग नाही, आणि उपयोग होत असेल तर पिसणं अपुरं आहे आणि ती फसवणूक आहे. तिसरा पर्याय नाही. मॅजिकच्या अधिकृत स्पर्धांतही ढीग लावायला परवानगी आहे ती डावाच्या सुरुवातीला एकदा, मोजण्यापुरती, आणि तुमचा डेक समोरच्याला पिसायचा हक्क असतो.

संगणकावर वाटत असाल तर

या वर्षी ब्रिजचे डाव संगणकावर पाडून छापून घ्यायचे ठरवलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने अर्ध्या तासात प्रोग्राम लिहून दिला: प्रत्येक जागेवरच्या पानाची, ५२ पैकी कुठल्याही एका जागेवरच्या पानाशी अदलाबदल. अगदी बरोबर वाटतं, आणि चूक आहे. तीन पानांवर करून पाहा. तीन वेळा तीन-तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. क्रम मात्र सहाच. २७ ला सहाने भाग जात नाही, त्यामुळे सगळ्या क्रमांना सारखा वाटा मिळूच शकत नाही. तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच वाटा येतात, तीनच्या वाट्याला चार-चार.

योग्य पद्धत फिशर आणि येट्स यांच्या नावाने ओळखली जाते. संगणकासाठी तिचं आजचं रूप डर्स्टनफेल्ड याने १९६४ मध्ये दिलं: शेवटच्या जागेसाठी सगळ्या ५२ मधून एक निवडा, त्याच्या आधीच्या जागेसाठी उरलेल्या ५१ मधून, असं खाली येत जा. ठेवलेल्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही. बदल एका ओळीचा आहे.

दुसरी चूक जास्त खोल आहे. यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ३२ बिटांच्या एका संख्येवरून होत असेल, तर प्रोग्राम फार तर ४२९ कोटी वेगवेगळे डाव पाडू शकतो. ब्रिजचे शक्य डाव ५३६ वर २६ शून्यं इतके आहेत. सुरुवातीची संख्या घड्याळावरून घेतली असेल तर कुणी हुशार माणूस पहिल्या काही पानांवरून पुढचा अख्खा संच काढू शकतो. म्हणून संगणकाच्या कार्यप्रणालीत सुरक्षेच्या कामासाठी जो यादृच्छिक स्रोत असतो, तोच वापरा.

दुरुस्ती झाली का, हे तपासायलाही तीन पानं पुरतात. प्रोग्राम सहा लाख वेळा चालवा आणि सहाही क्रम मोजा. प्रत्येक क्रम एक लाखाच्या आसपास, फार तर आठ-नऊशेच्या फरकाने आला पाहिजे. भाच्याच्या पहिल्या प्रोग्राममध्ये तीन क्रम १,११,००० च्या घरात आले होते आणि तीन ८९,००० च्या. ओळ बदलल्यावर सहाही लाखाच्या जवळ आले, आणि त्या शनिवारपासून आम्ही छापील डाव वापरतो.